डिझेल पाझरतंय म्हणून नट आणखी कसू नका

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातला, आर्णीकडचा आहे. गाडी कॉमन रेल डिझेलची पिकअप, म्हणजे जिच्यात ‘रेल’ नावाच्या एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरांना (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांना) जास्त दाबाचं डिझेल मिळतं. कापसाची वाहतूक सुरू व्हायच्या आधी इंजेक्टरखालचे तांब्याचे वायसर आणि डिझेल फिल्टर बदलून घेतले. तेव्हापासून तिसऱ्या इंजेक्टरच्या पोलादी पाइपाच्या नटाशी डिझेल पाझरतं. मिस्त्रीने दोनदा कसून दिलं, दोन्ही वेळा काही दिवसांत जागा पुन्हा ओली. विचारलंय ते असं: इंधनाच्या नट-बोल्टांना नेमका किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, द्यायचा, टॉर्क पाना नसेल तर काय करायचं, आणि घरच्या पेट्रोल गाडीलाही हेच लागू आहे का.

भाऊ, तो नट आहे तसाच तिसऱ्यांदा कसू नका. कारण साध्या हिशोबात दिसतं. कॉमन रेलमध्ये दाब १६०० बारपर्यंत चढतो, काही इंजिनांत त्याहूनही वर. १६०० बार म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर सोळाशे किलोहून जास्त. आकडा ऐकून वाटतं, इतका दाब अडवायचा तर नट जीव खाऊन कसायलाच हवा. पण पाइपाचं निमुळतं तोंड इंजेक्टरच्या बैठकीवर ज्या गोल रेघेवर टेकतं, तिचा व्यास ४ मिलिमीटरच्या आसपास धरला, तर डिझेल पाइपाला मागे ढकलतं ते २०० किलोच्या आसपास जोराने. आणि १४ मिलिमीटर आट्यांचा नट फक्त २५ न्यूटन मीटरवर (टॉर्क या एककात मोजतात) कसला, तर तो पाइपाला बैठकीवर साधारण ९०० किलोने दाबतो. म्हणजे नेमून दिलेल्या टॉर्कमध्येच लागतो त्याच्या चौपट जोर आहे. एवढा जोर असूनही पाझरतंय, याचा अर्थ बैठक बसलेली नाही. कमी पडलंय ते कसणं नव्हे.

उलट जास्त कसण्याने नुकसान होतं. २५ सेंटीमीटरच्या पान्यावर धडधाकट माणूस एका हाताने ३० किलोचा ओढा सहज देतो, म्हणजे ७४ न्यूटन मीटर. २५-३० मागणाऱ्या नटाला त्याच्या अडीच-तीन पट. इतक्यात पाइपाचं तोंड फुगतं, आतलं भोक आकसतं, नटाचं तोंड फाकतं किंवा त्याला केसाएवढी चीर जाते. भोक आकसलं की त्या सिलिंडरला डिझेल कमी-जास्त मिळू लागतं आणि इंजिन थरथरतं. मग इंजेक्टर खराब झाला असं सांगून दुसराच खर्च गळ्यात पडतो.

टॉर्क म्हणजे काय ते एकदा नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. आपल्याला हवी असते बोल्टची पकड, म्हणजे बोल्ट किंचित ताणला जाऊन दोन भाग एकमेकांवर दाबले जाणं. ती पकड थेट मोजता येत नाही म्हणून फिरवायला लागणारा जोर मोजतात. त्या जोरातला साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि पकडीसाठी उरतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून घर्षण थोडं बदललं तरी पकड खूप बदलते. ८ मिलिमीटरचा कोरडा बोल्ट २५ न्यूटन मीटरवर साधारण १६०० किलोची पकड देतो. त्याच बोल्टला ऑइल लावून तेच २५ दिले तर पकड २१०० किलोच्या पुढे जाते. आणि आट्यांत गंज किंवा काळ्या मातीचा गाळा बसलेला असेल तर पाना २५ दाखवेल, पण पकड निम्मीही नसेल. पुस्तकात वेगळं लिहिलं नसेल तर आकडा स्वच्छ, कोरड्या आट्यांचा समजायचा. ऑइल किंवा ग्रीस लावायचं ते पुस्तक सांगेल तिथेच.

आता त्या तिसऱ्या नटाचं काम. इंजिन रात्रभर थंड झालेलं असावं, सकाळी करावं. हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात इंजेक्टर बसतात) ॲल्युमिनियमचं असेल तर गरम इंजिनवर आकडा फसवा येतो, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. चावी काढा, बॅटरीची मायनस तार सोडा. इंजिन बंद केल्यावर रेलमधला दाब उतरायला वेळ लागतो. किमान दहा मिनिटं तरी गेल्याशिवाय पाना लावायचा नाही.

इथे एक जुनी सवय मोडायला हवी. जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांत आणि ट्रॅक्टरमध्ये इंजिन चालू ठेवून एकेका पाइपाचा नट सैल करायचे आणि कोणता सिलिंडर मिस मारतो ते ओळखायचे. कॉमन रेलवर हे कधीच करू नये. डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत बोट सडू लागतं. असं झालं तर हळद-चुना लावून थांबू नका. सर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यात लगेच जा आणि ‘जास्त दाबाचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. गळती शोधतानाही हात फिरवायचा नाही. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरायचा.

नट सैल करण्याआधी त्याच्या भोवतीची जागा ब्रशने आणि स्वच्छ डिझेलने किंवा ब्रेक क्लीनरने धुऊन हवा मारा. तुमची गाडी कापूस वाहते, म्हणून हे जास्तच महत्त्वाचं. डिझेलने ओल्या झालेल्या नटावर रुईचे तंतू आणि पांदणीची धूळ चिकटून काळा लेप बसतो. नट सैल झाला की तो लेप सुटून थेट बैठकीवर पडतो. इंजेक्टरच्या आतली फट दोन-चार मायक्रॉनची असते. आपला केसही त्याच्या दहा पटींहून जाड. पुसायला बनियन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे सुटतात. तंतू न सोडणारं जुनं धुतलेलं सुती कापड किंवा टिश्यू चालेल.

नट सोडताना दोन पाने लागतात. एक नटावर, दुसरा इंजेक्टरच्या षटकोनी भागावर, नाहीतर नटाबरोबर इंजेक्टरचा वरचा भाग फिरतो. साधा फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो आणि कोपरे गोल करतो. फ्लेअर नट पाना, म्हणजे पाइप आत जाईल एवढी फट असलेला रिंग पाना, घ्यावा. पाइप निघाला की इंजेक्टर आणि रेल दोन्हींची तोंडं लगेच झाका. खास टोप्या नसतील तर औषधाच्या दुकानातल्या पावडर नसलेल्या हातमोज्यांची बोटं कापून रबरबँडने बसवा. चिंधी कोंबू नका.

आता पाइपाचं तोंड बॅटरीच्या उजेडात आणि भिंगाखाली पाहा. चांगल्या तोंडावर सगळीकडे सारख्या रुंदीची एकच चकचकीत रेघ असते. रेघ एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर पाइप तिरका ओढून बसवला होता. रेघेवर आडवा ओरखडा असेल तर कचरा दाबला गेला. रेघेच्या जागी खोल पायरी पडली असेल, किंवा आतलं भोक बाकीच्या पाइपांपेक्षा बारीक दिसत असेल, तर जास्त कसलं गेलंय. यातलं काहीही दिसलं तर पाइप बदलायचा. पॉलिश पेपर घासून तोंड ‘बरोबर’ करायच्या फंदात पडू नका. तो कोन हाताने साधत नाही. दोनदा जोर लावून कसलेला पाइप चांगला निघण्याची आशा कमीच. शिवाय बऱ्याच कंपन्यांचा नियमच असा की जास्त दाबाचा पाइप एकदा सोडला की नवा घालायचा. पाइप घेताना इंजिनचा नंबर दाखवून त्याच क्रमांकाच्या सिलिंडरचा घ्या, वाक वेगवेगळे असतात. नव्या पाइपानेही तिथेच पाझरलं तर दोष इंजेक्टरच्या बैठकीत आहे, आणि तो टेस्ट बेंच, म्हणजे इंजेक्टर तपासायचं यंत्र, असलेल्या ठिकाणी दाखवावा लागेल.

बसवताना क्रम चुकला तर नवा पाइपही गळतो. पाइप आपोआप आपल्या जागी बसला पाहिजे, नट त्याला ओढून आणत असेल तर बसवणूक चुकली. आधी पाइपाची दोन्ही टोकं बोटांनी लावा, तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. मग इंजेक्टरला दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट आणि सैल केले असतील तर रेलचे बोल्ट टॉर्कवर कसा. त्यानंतर पाइपाचे दोन्ही नट, आधी साधारण निम्म्या टॉर्कवर आणि मग पूर्ण. पाइपाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आणि क्लिपा अगदी शेवटी. पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो पाळा. बहुतेक ठिकाणी चुकतं ते इथेच: इंजेक्टर पूर्ण कसून झाल्यावर पाइप लावायला घेतात, तो दोन मिलिमीटर बाजूला पडतो आणि नटाने ओढला जातो. तिसऱ्या इंजेक्टरवर हेच झालं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

अशा पाइपाच्या नटाचा टॉर्क बहुतेक इंजिनांत २० ते ३० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस पुस्तकातलाच घ्यायचा, कारण एकाच गाडीत रेलकडचा आणि इंजेक्टरकडचा आकडा वेगळा असू शकतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला इंजिन नंबर देऊन इंधन यंत्रणेच्या टॉर्कचं पान मागा, फोटो पुरतो. पुस्तक जुनं असेल तर एकक बघून घ्या. २.५ किलोग्रॅम मीटर म्हणजे २४.५ न्यूटन मीटर. २५ फूट पाउंड मात्र ३४ न्यूटन मीटर होतात. टॉर्क पान्यावर दोन्ही पट्ट्या असतात आणि चुकीची पट्टी वाचून बोल्ट तोडणारे कमी नाहीत.

यानंतर हवा काढणं. फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा, चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, मग स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. जास्त दाबाचा नट सैल करून हवा काढायची नाही. गाडी सुरू झाल्यावर जागा कोरडी पुसून आधी आयडलवर, मग दोन हजार आरपीएमच्या आसपास काही मिनिटं चालवा, बंद करून पाहा. डिझेल खाली ओघळतं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा तीच गळतीची जागा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पुन्हा एकदा नजर टाका, पाना लावू नका.

तांब्याचे वायसर बदललेच आहेत, तर त्याबद्दलही सांगायला हवं. इंजेक्टर काढताना जुना वायसर पुष्कळदा खालीच चिकटून राहतो. तो न पाहता वर नवा टाकला की दोन वायसर होतात, इंजेक्टर वर उचलला जातो, नोजल कमी बाहेर येतो, गाडी काळा धूर टाकते, आणि पाइपाचा कोनही बिघडतो. म्हणजे तुमची गळती इथूनही सुरू झालेली असू शकते. बॅटरी मारून भोकात पाहा आणि जुने चार वायसर हातात मोजून घ्या. वायसरची जाडीही ठरलेली असते. दीड, दोन, अडीच मिलिमीटर असे प्रकार मिळतात आणि दुकानात जो हाताला लागेल तो चालत नाही. खालच्या बैठकीवरचा कार्बन पूर्ण निघाला नाही तर वायसर तिरका बसतो आणि काही दिवसांत ‘चफ-चफ’ आवाज येऊन इंजेक्टरभोवती काळं डांबर साचतं.

क्लॅम्पच्या बोल्टला पुष्कळ इंजिनांत टॉर्क आणि वर कोन असा आकडा दिलेला असतो, उदाहरणार्थ अमुक न्यूटन मीटर आणि मग ९० अंश. हा बोल्ट मुद्दाम ताणला जातो, म्हणून बहुतेक वेळा एकदाच वापरायचा असतो. ९० अंश मोजायला बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारी हेडवर मार्करने रेघ मारा. कमी कसला तर जळालेला वायू वर येतो. जास्त कसला तर इंजेक्टरची बॉडी दबून आतली सुई अडकते. आणखी एक, बोल्टच्या भोकात डिझेल किंवा ऑइल साचलेलं नको. बंद भोकात द्रव असेल तर बोल्ट पंपासारखा दाब तयार करतो, पाना आकडा दाखवतो, पकड येत नाही, आणि कधी कधी कास्टिंगच तडकतं. इंजेक्शनच्या सिरिंजने ओढून काढा, मग हवा मारा, चष्मा घालून.

बाकी बोल्टांसाठी पुस्तक हाताशी नसेल तर माप ओळखून अंदाज बांधता येतो. डोक्यावर ८.८ लिहिलेला पोलादी बोल्ट पोलादात किंवा बिडात जात असेल तर ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १०, ८ च्या बोल्टला २५ आणि १० च्या बोल्टला ४५ ते ५० न्यूटन मीटर. हा पान्याचा नंबर नव्हे, आट्यांचा व्यास. ६ च्या बोल्टला सहसा १० नंबरचा पाना लागतो, ८ च्याला १२ किंवा १३. ॲल्युमिनियममध्ये जात असेल तर ६ ला ८ ते १०, ८ ला १८ ते २२ पर्यंतच थांबा. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डमधल्या (इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या भागातल्या) पितळी बुशात याहूनही कमी, कारण तिथे आटे टिकले तरी बुश फिरू लागतो. ही मापं फिल्टरचा ब्रॅकेट, पंपाचा ब्रॅकेट, पाइपाच्या क्लिपा अशांसाठी. दाब अडवणारे आणि इंजेक्टरचे बोल्ट अंदाजाने कसायचे नाहीत.

बँजो बोल्टला, म्हणजे मधोमध भोक असलेला जो बोल्ट कडीसारख्या पाइपात जातो, त्याला दोन वायसर असतात, कडीच्या वर एक आणि खाली एक. तांबं एकदा दाबलं की कडक होतं, म्हणून जुना वायसर पुन्हा घातला की तेवढ्याच टॉर्कवर तो जागा भरत नाही. मग लोक जोर वाढवतात, आणि पोकळ बोल्ट भोकाच्या जागी तुटतो. नवे वायसर घ्या. अगदीच अडलं तर जुना तांब्याचा वायसर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो. वरची काजळी घासून काढा आणि खाच नाही ना ते पाहा. हा उपाय ॲल्युमिनियमच्या वायसरला चालत नाही, आणि इंजेक्टरखालच्या वायसरलाही करू नका. बँजो कसताना कडी फिरू नये म्हणून पाइप हाताने धरा.

फिरकीचा डिझेल फिल्टर पान्याने कसायचाच नाही. रबराला थोडं डिझेल चोपडा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. पाण्याचा सेन्सर आणि खालचा निचऱ्याचा प्लास्टिक स्क्रू नुसत्या बोटांनी. पावसाळ्यात कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांना तो स्क्रू वारंवार उघडावा लागतो आणि पक्कडीने पिळून तो मोडतो. खटका बसणाऱ्या प्लास्टिकच्या जोडांना टॉर्क नसतोच. ‘टक’ ऐकू आल्यावर एकदा उलटं ओढून पाहायचं. रबरी होजच्या स्क्रूवाल्या क्लिपला २ ते ३ न्यूटन मीटर पुरे, म्हणजे छोट्या स्क्रू ड्रायव्हरने मनगटाच्या जोराने. पट्टीच्या भोकांतून रबर वर येताना दिसलं की जास्त झालं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी वर. होज कडक होऊन आकसतो, क्लिप सैल वाटते. वाकवल्यावर भेगा दिसल्या तर क्लिप कसण्यात अर्थ नाही, इंधनासाठीचाच होज नवा टाका. पाण्याचा पाइप चालत नाही.

टेफ्लॉन टेप, एम-सील, शेलॅक यातलं काहीही या जोडांवर नको. जोड अडवतो तो बैठकीवर किंवा वायसरवर, आट्यांत नव्हे. टेपचे तुकडे सुटून आत जातात आणि थेट इंजेक्टरच्या जाळीत अडकतात.

पेट्रोल गाडीत इंजेक्टरच्या रेलचा दाब बहुतेक साध्या गाड्यांत ३ ते ४ बार असतो, म्हणून पाइपाची भीती कमी. आगीची मात्र कितीतरी जास्त. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, दाब उतरतो. रेलचे बोल्ट सहसा ६ किंवा ८ मिलिमीटरचे. आलटून-पालटून थोडे थोडे कसायचे, एक पूर्ण कसून मग दुसरा नाही, नाहीतर रेल तिरकी बसून एका इंजेक्टरची ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी गोल रबरी कडी, कापली जाते. ओ-रिंग नव्याच घाला, त्यांना ताजं इंजिन ऑइल अगदी थोडं लावून. रेल कसण्याआधी प्रत्येक इंजेक्टर बोटाने फिरवून पाहा. सहज फिरला तर ओ-रिंग नीट बसलीय, अडला तर ती पिळलीय. काढून पुन्हा बसवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीसाठी साध्या काळ्या रबराच्या ओ-रिंगऐवजी व्हायटनच्या मागा. टॉर्क अचूक दिला तरी फुगलेली किंवा वाळलेली रिंग गळणारच.

टाकीतल्या पंपाचं झाकण काही गाड्यांत मोठ्या चकतीने, काहींत छोट्या बोल्टांनी बसवलेलं असतं. चकती छिन्नी-हातोडीने ठोकून फिरवणं हा आपल्याकडचा सर्रास चालणारा प्रकार. पोलादावर पोलाद, ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकत्र. त्यासाठीचा पाना भाड्याने मिळतो, नाही मिळाला तर लाकडाचा ठोकळा वापरा. छोटे बोल्ट ५ मिलिमीटरचे असतील तर साधारण ४ ते ५ न्यूटन मीटर, समोरासमोरचे जोडीने. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती गॅरेजच्या खड्ड्यात साचते, म्हणून हे काम खड्ड्यावर उभ्या गाडीत नको. तोंडाने नळी ओढून टाकी रिकामी करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण ती वाफेने भरलेली असते.

पान्यांबद्दल. इंधनाच्या कामाला एकच मोठा टॉर्क पाना पुरत नाही. चाकांसाठीचा ४० ते २०० चा पाना २५ वर लावताच येत नाही. ५ ते २५ चा छोटा आणि २० ते १०० चा मधला, असे दोन लागतात. कोणताही पाना त्याच्या कमाल आकड्याच्या पाचव्या हिश्श्याखाली भरवशाचा नाही. मुठीच्या खुणेवर हात ठेवून सावकाश ओढायचा, एक ‘टक’ आला की थांबायचं. खात्रीसाठी दुसऱ्यांदा टक करणं म्हणजे जास्त कसणं. नट सोडायला तो वापरू नये, आणि ठेवताना स्प्रिंग सैल करून सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवावा. वर्षाला एकदा किंवा पाच हजार टकांनंतर तपासणी करून घ्यावी. पाइपाच्या नटासाठी पान्याच्या टोकाला लावायचा कावळ्याच्या पायासारखा जोड मिळतो. तो पान्याशी काटकोनात ठेवला तर आकडा तोच धरायचा. सरळ रेषेत ठेवला तर लांबी वाढते आणि आकडा घटवावा लागतो: ४० सेंटीमीटरच्या पान्याला ३ सेंटीमीटरचा जोड असेल तर २७ साठी २५ वरच लावायचा.

टॉर्क पाना नसेल तर दुकानात असतो तो हुकचा डिजिटल काटा घ्या. रिंग पान्यावर, नटाच्या मध्यापासून मोजून खूण करा: जितके न्यूटन मीटर हवेत तितके सेंटीमीटर. २२ हवे तर २२ सेंटीमीटरवर हुक अडकवा आणि काटा १०.२ किलो दाखवेपर्यंत हळू ओढा. बस, तेवढाच टॉर्क मिळतो. ओढ पान्याला काटकोनातच हवी. ६० अंशात ओढलं तर तेरा टक्के कमी पडतो. याच काट्याने टॉर्क पानाही तपासता येतो. पान्याचा चौकोन व्हाइसमध्ये उभा धरा म्हणजे पाना आडवा फिरेल आणि त्याचं स्वतःचं वजन मोजण्यात येणार नाही. २० वर लावून मुठीच्या मध्याशी ओढा. तो मध्य चौकोनापासून २५ सेंटीमीटरवर असेल तर ८.२ किलोच्या आसपास टक व्हायला हवा. साडेसात-पावणेआठलाच झाला किंवा नऊपर्यंत गेला तर पाना दुरुस्तीला द्या.

आटे मेले असतील तर लांब बोल्ट किंवा तार गुंडाळून जुळवाजुळव करू नका. ६ च्या जागी ८ चा टॅप मारण्याआधी भिंत किती जाड उरते ते पाहा, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पुष्कळदा पुरेशी उरत नाही. हेलिकॉइल म्हणजे पोलादी आट्यांचं वेटोळं बसवून तोच बोल्ट आणि तोच टॉर्क परत मिळतो. लेथवाल्याकडे त्याचा संच आहे का ते आधी विचारा, आणि ड्रिल मारताना बुरादा इंधनाच्या भोकात जाणार नाही याची सोय समोर उभं राहून करून घ्या.